पान्हा आणि सुई



रविवारी मिस्सानंतर एका शेतकरी बांधवाने विचारले, "फादर, रेडकू मेल्यापासून म्हैस सुईशिवाय पान्हा सोडत नाही. आधी अधूनमधून सुई लागे, आता दोन्ही वेळा लागते. असे का?"

रेडकू सडाला लागले की मेंदूला वर्दी जाते व पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते. बाळंतपणाच्या कळाही तेच वाढवते. कासेतील दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती आवळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर या किल्लीपुरतीच कुलपे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. किल्ली लागली की पेशी आवळते आणि दूध सडात उतरते.

पुढचा भाग मला फार नवलाचा वाटतो. निरोप पोचल्यावर पेशी ते कुलूप किल्लीसकट आत ओढते. पेशीचे आवरण तेथे खळग्यासारखे दबते, आतल्या बाजूने क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची टोपलीसारखी वीण बसते, आणि खळगा तुटून इवलीशी पिशवी आत उतरते. (या प्रथिनाला बार्बरा पिअर्स यांनी १९७६ साली नाव दिले.) काही कुलपे परत वर येतात, काही आतच मोडतात. आत जाणे मिनिटांचे, परतणे तासांचे.

रेडकाच्या ओढीने येणारे संप्रेरक थोडके. सुईचा लोंढा मोठा. रोज दोनदा लोंढा आला की कास बधिर होत जाते आणि म्हशीचे स्वतःचे संप्रेरक पुरत नाही. त्या बांधवाच्या म्हशीचे हेच झाले असावे.

जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारी दूधवाढीची सुई १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. २०१८ साली सरकारने या औषधाचे खाजगी उत्पादनच थांबवले होते. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागते. मात्र घरी कळा वाढवण्यासाठी कोणाकडूनही ही सुई टोचून घेऊ नका. गर्भाशय फाटू शकते. शिवाय कळांसाठी ते फार वेळ दिले गेले, तर गर्भाशयाचीही कुलपे कमी होतात आणि नंतर रक्त थांबवणे अवघड जाते.

म्हशीची सुई सोडवायची तर पशुवैद्याच्या सल्ल्याने हळूहळू सोडवा. वेळ एक, माणूस एक, समोर आंबोण. कोमट पाण्याने कास धुऊन सड चोळा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. म्हैस गाईपेक्षा उशिरा पान्हवते. पहिले काही दिवस दूध कमी निघेल.