परसांतील कोंबड्यांसाठीं मीलवर्म अळ्यांची पैदास

ज्या घरीं उकिरडा आहे, त्या घरच्या कोंबडीस किडामुंगी विकत घालावी लागत नाहीं. ती दिवसभर उकरते व आपला वांटा आपण शोधून घेते. परंतु पुष्कळ घरांचें अंगण आतां फरशीचें झालें आहे, आणि शहरालगत तर पांचसहा कोंबड्या जाळीच्या खुराड्यांतच वाढतात. अशा कोंबड्यांस दाणा पोटभर मिळाला तरी उकरण्याटिपण्याची हौस भागत नाहीं, आणि मग कित्येकदां त्या एकमेकींचीं पिसें टोंचूं लागतात. पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत मीलवर्म या नांवानें मिळणाऱ्या अळ्या त्यांस फार आवडतात. त्या घरीं वाढवितां येतात. मात्र हा कीटक मूळचा धान्याच्या कोठाराचा शत्रु आहे, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें. त्याचा डबा कणगीजवळ, पिठाच्या डब्याशेजारीं किंवा बियाणें ठेवण्याच्या खोलींत कदापि ठेवूं नये.

आपल्या पिठांत नेहमीं दिसणारा बारीक तांबडा भुंगेरा तो हा नव्हे. मीलवर्मचा भुंगेरा काळा व अर्ध्या इंचाहून थोडा मोठा असतो, आणि त्याची पिवळसर, कडक सालीची अळी वाढून सुमारें इंचभर होते. मादी आपल्या आयुष्यांत २५० ते ५०० अंडीं घालते. तीं इतकीं बारीक व चिकट असतात कीं कोंड्यांत डोळ्यांस दिसत नाहींत. एकदोन आठवड्यांत अळ्या निघतात, त्या तीनएक महिने खातात व वारंवार कात टाकतात. कात टाकलेली अळी कांहीं वेळ पांढरी दिसते. ती रोगट समजून फेकूं नये. पुढें कोष होतो. तो कांहीं खात नाहीं, फक्त शेपटाकडून वळवळतो. एकदोन आठवड्यांनीं त्यांतून पांढरा भुंगेरा निघतो आणि थोड्या दिवसांत काळा पडतो.

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापून त्याच्या कडा दुमडल्या म्हणजे उत्तम भांडें होतें. गुळगुळीत पत्र्यावर अळीस चढतां येत नाहीं. थर्मोकोलचें खोकें मात्र घेऊं नये. ही अळी थर्मोकोल कुरतडून खाते, हें चीन व अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें आहे. डब्यांत दोनतीन इंच गव्हाचा कोंडा घालावा व वर बारीक जाळी बांधावी. कोंडा प्रथम तव्यावर हलका भाजून थंड करावा, म्हणजे त्यांतील सोंडे व त्यांचीं अंडीं मरतात. कीटकनाशक लावलेल्या धान्याचा कोंडा वापरल्यास अळ्या तर मरतीलच, पण त्या मरण्यापूर्वीं कोंबडीनें खाल्ल्या तर विष तिच्या पोटांत व पुढें अंड्यांत जाण्याचें भय आहे.

या धंद्यांत नवख्याचें नुकसान बहुधा पाण्यानें होतें. अळ्यांस पाणी प्यावयास देऊं नये. गाजराची किंवा बटाट्याची एक चकती कोंड्यावर ठेवावी, तेवढा ओलावा पुरे. प्रस्तुत लेखकानें पहिल्या खेपेस भर पावसाळ्यांत उदारपणें दुधीच्या फोडी घातल्या. चार दिवसांत कोंड्यास बुरशी आली, नंतर डब्याच्या कडेस पांढुरकी धूळ दिसूं लागली, आणि भिंगाखालीं पाहतां ती धूळ चालत होती! ते कोळीवर्गांतील बारीक जीव होत. एकदां ते माजले म्हणजे सगळा डबा उन्हांत रिकामा करण्यावांचून उपाय राहत नाहीं. चकती वाळली म्हणजे बदलावी, आणि कोंकणांत पावसाळाभर ती एक दिवसाआड द्यावी.

दुसरी चूक म्हणजे सर्व अवस्था एकाच डब्यांत ठेवणें. भुंगेरे आपलींच अंडीं खातात. अळ्या व भुंगेरे निराधार कोषही कुरतडतात. यास्तव तीन डबे करावे: एक भुंगेऱ्यांचा, एक अळ्यांचा, एक कोषांचा. दर पंधरा दिवसांनीं भुंगेरे चाळून नव्या कोंड्यांत घालावे. जुना कोंडा अंड्यांसह तसाच ठेवला कीं तोच पुढच्या अळ्यांचा डबा होतो. तळाशीं सांचणारी वाळूसारखी विष्ठा बारीक चाळणीनें काढून झाडांस घालावी.

हवा २५ ते २८ अंश सेल्सिअस असली तर वाढ उत्तम होते. पस्तिशीच्या वर पैदास थांबते व अळ्या मरूं लागतात. पुण्याकडे हिंवाळ्यांत वाढ मंदावते इतकेंच, पण विदर्भ-खानदेशांत मे महिना कठीण जातो. डबा मातीच्या भिंतीच्या खोलींत जमिनीवर ठेवावा आणि भोंवतीं ओलें पोतें गुंडाळावें. मात्र तें कोंड्यास टेकूं देऊं नये.

आतां प्रमाण. एका कोंबडीस दिवसास चारपांच अळ्या पुष्कळ झाल्या. दहा कोंबड्यांस महिन्याकाठीं सुमारें दीड हजार अळ्या लागतात; शंभर भुंगेऱ्यांवर तेवढ्या सहज निघतात आणि कोंडा किलोच्या आंतच लागतो. ताज्या अळींत सुमारें ६० टक्के पाणी, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनें व १३ टक्के स्निग्धांश असतो. हे आंकडे पाहून कोणी दाणाच बंद करील तर फसेल. अंड्याच्या एका कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें; किलोभर अळ्यांत तें पाव ग्रॅमही भरत नाहीं. केवळ अळ्यांवर पोसलेल्या कोंबडीचीं अंडीं पातळ कवचाचीं व्हावयाचीं. शिंपल्यांचा चुरा खुराड्यांत नेहमीं ठेवावाच, आणि लठ्ठ झालेल्या कोंबडीच्या अळ्या कांहीं दिवस बंद कराव्या.

कित्येक जण दुकानाचा खर्च वांचविण्यासाठीं मोठ्या पोल्ट्रींतील तुसाखालचे बारीक काळे भुंगेरे व अळ्या गोळा करून आणतात. तो निराळा कीटक आहे. तो कोंबड्यांच्या विष्ठेंत वाढतो व त्यांचे रोग आणि पट्टकृमि एका खुराड्यांतून दुसऱ्यांत नेतो. तो घरांत आणूं नये.

अळ्या देण्याची वेळ संध्याकाळची ठेवावी. पत्र्याच्या डबीत त्या घालून डबी वाजवावी व खुराड्याच्या दारांतच टाकाव्या. आठवड्याभरांत कोंबड्या त्या आवाजास धांवून येऊं लागतात. त्या वेळीं मोजून आंत घेतां येतात आणि रानमांजराची वेळ होण्यापूर्वीं दार लागतें.