जुन्या ट्रकची पुढची चाके : ग्रीस, ब्रेक आणि धूळ

बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. उतारावर ब्रेक दाबला की मालाचे ओझे पुढे झुकते आणि पुढच्या चाकांवर मोठा ताण येतो. म्हणून ज्यांच्या घरी जुना मालट्रक आहे त्यांनी हंगामापूर्वी पुढची चाके उघडून बेअरिंग व ब्रेक एकदमच पाहावेत. ही कामे वेगळी नाहीत. बेअरिंगचे ऑइल सील फाटले की ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरते, आणि गाडी ऐन वळणावर एका बाजूला ओढते.

पुढच्या चाकात बहुधा निमुळत्या रोळांची दोन बेअरिंगे असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८९८ साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. वरचे ओझे आणि वळणावरचा आडवा दाब, दोन्ही हे बेअरिंग पेलते. मात्र त्याचे आवळणे नेमके हवे.

१. गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. मागच्या चाकांना दगड लावावेत. जॅकवर भरवसा ठेवू नये. ॲक्सलखाली भक्कम ठोकळे द्यावेत.

२. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नये, हवेच्या पाइपने उडवू नये व कोरड्या ब्रशने झाडू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात रुततात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनीही दम्यासारखी धाप किंवा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून साबणाचे पाणी हलकेच सोडून धूळ ओली करावी, ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हाताखालच्या पोराला तर या वेळी दूरच ठेवावे. त्याचे सारे आयुष्य पुढे आहे.

३. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन स्वच्छ फडक्यावर वाळवावे. रोळांवर खड्डे, ओरखडे किंवा जळल्यासारखी निळी छटा दिसली तर बेअरिंग बदलावे. हबमध्ये गच्च बसलेली बाहेरची कडीही त्याबरोबर बदलावी. जुन्या कडीवर नवे रोळ टिकत नाहीत.

४. जुने ग्रीस पुसून काढावे. दोन जातींची ग्रीसे मिसळू नयेत. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावी. अरुंद बाजूने ग्रीस बाहेर आले की ते रोळांत भरले असे समजावे. वरून नुसते चोपडणे व्यर्थ. सील दर वेळी नवे घालावे.

५. ब्रेक सिलिंडरमधून तेल झिरपत असल्यास आधी ते दुरुस्त करावे. ग्रीस किंवा तेल प्यायलेले लायनर धुऊन चालत नाहीत. ते बदलावे लागतात, आणि तेही दोन्ही चाकांचे. शूच्या स्प्रिंगा ताणल्या असतील तर नव्या घ्याव्यात.

६. ड्रम बसवून चाक फिरवत फिरवत नट आवळावा, म्हणजे रोळ जागी बसतात. मग गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेवढा नट सैल करावा. पिनेचे भोक जुळले नाही तर आवळून नव्हे, सोडून जुळवावे. कॉटर पिन नवीच घालावी. चाक वर-खाली धरून हलवले असता किंचित ढिलाई जाणवावी, पण ते सहज फिरावे. फार आवळले तर बेअरिंग तापून जळते. फार सैल राहिले तर चाक डुलते व सील फाटते.

७. शेवटी शू ड्रमला घासेपर्यंत आणून, चाक मोकळे फिरेल इतके मागे घ्यावेत. पायाखाली पेडल मऊ लागले तर ब्रेकच्या नळीतली हवा काढावी.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर, सावकाश करावी. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबना जपून हात लावून पाहावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट पुन्हा तपासावा. माल त्यानंतरच भरावा.