पंचाचा निवाडा

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडू चेंडूसाठी झुंजत असतात. त्यांच्यामध्येच शिट्टी घेऊन आणखी एक मनुष्य धावत असतो. तो पंच होय. जे घडले ते क्षणार्धात पाहून त्याला तत्काळ न्याय करावा लागतो.

एखाद्याने प्रतिपक्षाच्या खेळाडूस लाथ मारली किंवा पाय घालून पाडले, तर पंच त्या खेळाडूच्या पक्षास थेट फ्री किक देतो. तीवरून सरळ गोल करता येतो. ती मारली जाईपर्यंत प्रतिपक्षास चेंडूपासून ९.१५ मीटर दूर राहावे लागते. हाच अपराध एखाद्याने आपल्याच पेनल्टी क्षेत्रात केला, तर प्रतिपक्षास ११ मीटरांवरून पेनल्टी किक मिळते. तेव्हा चेंडू अडविण्यास एकटा गोलरक्षक असतो.

एवढ्या लाभाचा काहींना मोह पडतो. धक्का लागलेला नसतानाही ते कोसळतात व विव्हळतात. असे सोंग ओळखले गेले, तर पंच त्या खेळाडूस पिवळे कार्ड दाखवितो आणि प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक देतो. हिच्यावरून सरळ गोल होत नाही. चेंडूला आणखी एका खेळाडूचा स्पर्श व्हावा लागतो. मात्र पडणारा प्रत्येक जण सोंगाडा नसतो. कोणी तोल जाऊन पडतो, तर कोणी टक्कर चुकविताना पडतो. तेव्हा दोष कोणाचाच नसतो.

२४ मार्च १९९७ रोजी लंडनमध्ये आर्सेनल व लिव्हरपूल यांचा सामना होता. लिव्हरपूलचा रॉबी फाउलर गोलरक्षक डेव्हिड सीमन याला चुकविताना पडला. पंचांनी पेनल्टी दिली. फाउलरने उठून हातांनी खुणावले, की सीमनचा काहीही अपराध नाही. पंच निर्णयावर ठाम राहिले. फाउलरने मारलेला चेंडू सीमनने अडविला. परंतु परतलेल्या चेंडूवर जेसन मॅकअटीअरने गोल केला. लिव्हरपूलने सामना २-१ असा जिंकला. तरीही फाउलरच्या त्या सचोटीची वाखाणणी झाली.

२०१८ च्या विश्वचषक स्पर्धेत पेनल्टीचे निर्णय चित्रफीत पाहून तपासले गेले. शाळेच्या मैदानावर असे साधन नसते. तेथे पंचाला दोनच डोळे असतात आणि धावपळीत ते फसू शकतात. धक्का खरोखर लागला की नाही, हे पडलेला खेळाडू मात्र निश्चित जाणतो. म्हणून न्यायाचा निम्मा भार त्याच्याही शिरावर असतो.