गंजिफाची १२० पाने

हाती घेतलेले काम तडीस न्यावे, हे आपण शाळेच्या फळ्यावरील सुविचारांत इतक्या वेळा वाचलेले असते की त्याचा अर्थ मनात शिरतच नाही. काम अर्ध्यावर का अडते, याचा विचार मीही कधी केला नव्हता. तो करण्याची वेळ गंजिफाची पाने रंगवताना आली. प्रयोगवही किंवा प्रबंध ज्याने एकदा तरी मध्येच मिटून ठेवला आहे, त्याला हा अनुभव परका वाटणार नाही.

गंजिफा हा वाटोळ्या, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळच्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचे वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त येते. आपल्या भागात रुळली ती दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. म्हणजे एकूण १२० पाने. पाच रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची पहिली उतारी; रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची.

या कलेचे आपल्याजवळचे केंद्र म्हणजे सावंतवाडी. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर ही पाने मागे पडली. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय दिला, म्हणून ती आज दिसते. आमचे मूळ गाव पेडण्यातले. १७८८ साली पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे सावंतवाडीकरांच्याच अमलाखाली होते. त्यामुळे आमच्या घरी गंजिफाचा एक जुना संच होता, याचे नवल नाही. त्यातली बरीचशी पाने वाळवीने खाल्ली आणि खेळ बंद पडला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांना सहज म्हणालो, “मी नवा संच रंगवून देतो.” ते काही बोलले नाहीत, फक्त उरलेल्या पानांचा डबा माझ्या हाती दिला. त्यांना काचबिंदू झाला आहे. गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकवायची, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते.

फोंड्याला परतल्यावर जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा कुंचला आणला. मत्स्याचा राजा दोन संध्याकाळी रंगवला आणि वर्गात सर्वांना दाखवला. कौतुक झाले. मग मासे आले. एका रंगातील एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या चिन्हांची बेरीज ५५ होते; दहा रंगांची ५५०. पंचावन्न मासे कसेबसे झाले. पंचावन्न कासवे होईपर्यंत शिगमो आला. वराहाचा राजा हौसेने काढला आणि त्याच्या सत्तीपाशी कुंचला खाली ठेवला तो ठेवलाच. पावसाळ्यात कपाट उघडले तेव्हा काही चकत्या दमटपणाने वाकल्या होत्या. उत्साह संपला, आता तो येईल तेव्हा पाहू, असे मी स्वतःला सांगत असे. तो आला नाही.

चतुर्थीला गावी गेलो तेव्हा डबा सोबत होता. आजोबांनी पाने नाकाजवळ नेऊन पाहिली. मासा ओळखला, कासव ओळखले. पण अठ्ठी की नव्वी हे त्यांना बोटाने मोजावे लागले. मग सगळी पाने पुन्हा चाळून त्यांनी विचारले, “पुता, राम खंय?”

मी म्हणालो, “क्रमाने करतोय आजोबा. राम सातवा.”

“आणि कृष्ण आठवा. मग उतारी कोणी करायची? दिवसा खेळ नाही, रात्रीही नाही.”

ते रागावले नव्हते. पण माझी चूक मला तेव्हा कळली. मी संच रंगवत होतो. खेळ कधी मांडता येईल, याचा विचार केला नव्हता. क्रम पुस्तकी होता, आणि आजोबांच्या डोळ्यांजवळ त्या क्रमाइतका वेळ नव्हता.

दुसरा धडा त्याआधीच डोळ्यांसमोरून गेला होता, पण मी तो घेतला नव्हता. चतुर्थीच्या आधी गावातील चित्रशाळेत मी लहानपणापासून जातो. तेथे एक गणपती पुरा करून दुसरा घेत नाहीत. सगळ्या मूर्तींना आधी अंगाचा रंग, मग सगळ्यांची पितांबरे, मग दागिने आणि डोळे शेवटी. एक रंग कालवला की तो रांगेतल्या प्रत्येक मूर्तीवर फिरतो. आज मन लागते की नाही, असे तेथे कोणी कोणाला विचारत नाही. चतुर्थीची तिथी पुढे ढकलता येत नाही.

परतल्यावर मी कामाची रीत बदलली. पहिले म्हणजे, राम आणि कृष्ण आधी घेतले. दुसरे, बैठकीला एकच रंग आणि तो बाराही पानांवर. आज फक्त जमीन, उद्या फक्त बाणांच्या रेघा. तिसरे, राजा शेवटी. आधी गोड खाऊन टाकल्यावर भात नकोसा वाटतो, तसे माझे होत होते. आता राजा हे पंचावन्न चिन्हांचे बक्षीस झाले. चौथे, रोज दिवेलागणीनंतर अर्धाच तास, आणि उठताना उद्याचे पान व कुंचला मांडून ठेवायचा. रामाचे बाण मी गडद जमिनीवर पिवळे आणि जाड काढले. सावंतवाडीच्या नाजूक कामाशी त्यांची तुलना होणार नाही; पण ते आजोबांना मोजता येतात.

ही अडचण केवळ आपली नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. परदेशात आज असंख्य हौशी लोक टेबलावरच्या लढाईसाठी बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवतात. तेथेही सेनापती आधी रंगतो आणि शिपाई महिनोन् महिने खोक्यात पडून राहतात. तेही शेवटी एकेक रंग घेऊन डझनभर शिपाई एकदम रंगवतात आणि जेवढे तयार असतील तेवढ्यांनिशी लढाई मांडतात. खेळात उतरलेला शिपाईच उरलेल्यांना रंगवून घेतो.

आमचेही तसेच झाले. गेल्या दिवाळीत मत्स्य, कूर्म, राम आणि कृष्ण असे चार रंग तयार होते. ४८ पाने; आजोबा, बाबा आणि मी, प्रत्येकी सोळा. खेळ रात्री मांडला. कृष्णाचा राजा आजोबांकडे आला. त्यांनी तो जमिनीवर टाकला आणि पुढचा तासभर आम्हा दोघांना डोके वर काढू दिले नाही.

आज सात रंग पुरे आहेत. ३६ पाने उरली आहेत. उत्साह अजूनही रोज येत नाही. पण शनिवारी गावी फोन केला की आजोबा तब्येतीचे बोलण्याआधी विचारतात, “आता कोण आला?” म्हणून आज परशुरामाच्या परशूंचे दांडे रंगवून होतील. पाती उद्या.