आईचे गुडघे आणि फ्रान्समधल्या पायवाटा

प्रश्न : मुलगी फ्रान्समधल्या ल्योंला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं आणि माझी ६८ वर्षांची आई तिकडे जातोय. पायी फिरायची हौस आहे, पण आईचे गुडघे दुखतात. तिकडचं चालणं म्हणजे आल्प्सची चढाईच ना? आईला घरी बसवावं लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. आईंना जरूर न्या. आल्प्स हा त्या देशाचा एक कोपरा झाला. फ्रान्समध्ये 'व्वा व्हेर्त' नावाच्या वाटा आहेत. मोटारींना बंदी, चालणारे, सायकलवाले आणि चाकाची खुर्ची यांच्यासाठी राखीव. ल्योंच्या उत्तरेला बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते, त्यामुळे चढ अगदी सौम्य. आजूबाजूला द्राक्षमळे, टोकाला क्लुनीचा दहाव्या शतकातला मठ. सगळी वाट चालायचा हट्ट मात्र नको. आईंसाठी दोन-तीन किलोमीटर पुष्कळ. सायकली मागून वेगात येतात, म्हणून उजव्या कडेने चाला.

तुम्हा दोघांना दमछाक हवी असेल तर इतर पायवाटा धरा आणि त्यांच्या खुणा, म्हणजे झाडांवरचे, दगडांवरचे रंगीत पट्टे पाहा. पिवळा पट्टा म्हणजे छोटी, बहुधा गोल फिरून परत येणारी वाट. पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची. रंगावरून अवघडपणा कळत नाही, तो नकाशावरच्या चढ-उतारावरून ताडायचा. पट्ट्यांची फुली दिसली की मागे फिरा, वाट चुकलीय.

खेड्यांतली दुकानं दुपारी बंद असतात, तेव्हा पाणी आणि खाऊ सोबत ठेवा. अडचणीत ११२ लावा. निघण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.