निळ्या किरणाची लेखणी

जाड बोरूने लिहू लागले, तर चार-पाच ओळींतच कागद भरून जातो. तोच मजकूर बारीक टाकाने लिहिला, तर तेवढ्याच कागदावर वीस ओळी सहज मावतात. कागद वाढवावयाचा नसेल, तर लेखणी बारीक करावी लागते.

चित्र व ध्वनी साठविणाऱ्या चकचकीत तबकडीलाही हाच नियम लागू पडतो. तिच्यावर चक्राकार वळत जाणारी एक लांबच लांब रेघ असते आणि त्या रेघेत अतिसूक्ष्म खळगे असतात. तबकडी फिरू लागली, की लेसर किरण त्या खळग्यांवरून सरकतो. परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र चित्र व ध्वनी पुन्हा निर्माण करते. मात्र भिंगाने किरण कितीही एकवटला, तरी त्याचा ठिपका एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. प्रकाशाच्या लहरी जितक्या आखूड, तितका ठिपका बारीक. लाल प्रकाशाच्या लहरी लांब असतात, तर निळ्याच्या आखूड.

१९८२ साली निघालेल्या सीडीत एका मिलिमीटर रुंदीत सुमारे ६२५ रेघा असत. १९९६ साली डीव्हीडी आली. तिच्यात लाल किरणामुळे सुमारे १,३५० रेघा मावल्या. पुढे चित्रे अधिक रेखीव झाली. एकेका चित्रात वीस लाखांहून अधिक बिंदू येऊ लागले आणि ही जागाही अपुरी पडली. आता निळा किरण हवा होता. पण तो देणारे टिकाऊ उपकरण कोणापाशीच नव्हते.

गॅलियम नायट्राइड ह्या पदार्थापासून असा प्रकाश मिळण्याची आशा होती. परंतु त्याचे निर्दोष स्फटिक बनत नसत. बहुतेक संशोधकांनी तो मार्ग सोडून दिला. जपानमधील नागोया येथे इसामु आकासाकी व त्यांचे शिष्य हिरोशी आमानो मात्र त्याच वाटेने चालत राहिले. शिकोकू बेटावरील एका लहान कारखान्यात शुजी नाकामुरा हेही ह्याच कामास लागले. स्फटिकांचे थर चढविणाऱ्या यंत्रात ते स्वतःच्या हातांनी फेरफार करीत, थर तपासीत आणि पुन्हा फेरफार करीत. १९९३ साली त्यांचा तेजस्वी निळा दिवा जगाने पाहिला. १९९६ च्या आरंभी जांभळट निळ्या लेसरचे वृत्तही प्रसिद्ध झाले. २०१४ साली निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्याच प्रकारच्या किरणाने ब्लू-रे तबकडी वाचली जाते. तिच्यात एका मिलिमीटरमध्ये ३,१२५ रेघा असतात. डीव्हीडीच्या एका थरात ४७० कोटी बाइट मावत. हिच्या एका थरात २,५०० कोटी मावतात. एचडी डीव्हीडी नावाची दुसरी तबकडीही ह्याच किरणावर चाले. पण एकीचे यंत्र दुसरीला चालत नसे. ग्राहक गोंधळले. अखेर २००८ साली एचडी डीव्हीडी मागे घेण्यात आली.

पुढे चित्रपट तबकडीवाचूनही घरोघर पोहोचू लागले. तरी घराघरांतील पांढऱ्या एलईडी दिव्यांत आजही बहुधा तोच निळा प्रकाश असतो. अक्षर बारीक व्हावे म्हणून लेखणी बारीक लागते. आणि तशी लेखणी घडविण्यास धीर मोठा लागतो.

अभ्यास
१. तबकडीला बोरू व टाक ह्यांचा दृष्टांत कसा लागू पडतो?
२. लाल किरणापेक्षा निळा किरण अधिक उपयोगी का ठरला?
३. नाकामुरा ह्यांच्या कामातून कोणता गुण दिसतो? पाठाच्या आधारे लिहा.