कटिंगचं दुकान की एसी सलून? आधी खुर्चीचा हिशेब करा



माझं दुकान सलूनच्या सामानाचं. ब्लेडची पाकिटं नेणारे काका माझं गिऱ्हाईक, आणि केराटिनच्या बाटल्या नेणारे स्टायलिस्टही. मध्यंतरी पेठेतला एक मुलगा आला. वडिलांचं दोन खुर्च्यांचं जुनं दुकान, एका खुर्चीवर वडील आणि एकीवर हा. ते बंद करून आठ लाखांच्या कर्जावर मेन रोडला एसी सलून टाकायचं त्याच्या मनात होतं. मी विचारलं, "बाबांची गिऱ्हाइकं किती?" तो म्हणाला, "सर, मोजली नाहीत कधी."

आजचा धडा इथूनच सुरू होतो.

फरक नुसता आरशांचा नाही

गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर हजामत करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. गिऱ्हाईक बांधलेलं होतं, पण कामही जातीने बांधलेलं, आणि मोबदला ठरवणं त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. शहरात रोख पैसा आला, दुकानावर दराची पाटी लागली. नातं मात्र टिकलं. आजोबा, वडील आणि नातू एकाच खुर्चीत बसतात. "नेहमीसारखं" एवढं म्हटलं की काम झालं.

सलूनमध्ये मेन्यू विकला जातो: कट, कलर, स्पा, फेशियल. गिऱ्हाइकं कमी, पण बिल मोठं. वेळ आधी ठरलेली, महिला ग्राहकही येतात. धोका एकच. गिऱ्हाईक बऱ्याचदा तुमच्या बोर्डापेक्षा स्टायलिस्टला ओळखतं. तो गेला की तेही जातं.

आता आकडे बघू

हे फक्त उदाहरण आहे. तुमचे आकडे तुम्ही टाका.

जुनं दुकान: रोज २५ जण, प्रत्येकी १०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. गल्ला ६५,०००. भाडं, वीज, सामान मिळून २०,०००. बाप-लेकाला उरले ४५,०००.

नवं सलून: रोज १० जण, सरासरी बिल ५०० रुपये. गल्ला १,३०,०००. भाडं २५,०००, दोन कारागिरांचा पगार ४०,०००, प्रॉडक्ट २०,०००, वीज १०,०००, कर्जाचा हप्ता १८,०००. उरले १७,०००.

गल्ला दुप्पट झाला आणि हातात निम्मेसुद्धा नाहीत! जुन्या दुकानाइतके उरायला रोज आणखी तीन गिऱ्हाइकं हवीत. तेवढी आली की वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाते, म्हणजे जीएसटी नोंदणीही आली.

२०२० आठवा. मार्चमध्ये बंद झालेली सलून महाराष्ट्रात २८ जूनला उघडली, तीही आधी मोजक्या सेवांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. खुर्ची रिकामी असली तरी भाडं चालूच राहतं, म्हणून ठरलेला खर्च जितका कमी तितका श्वास मोठा.

मग सलून काढूच नये का?

जरूर काढा, पण पायरी पायरीने.

१. दोन महिने वही ठेवा. नाव, मोबाइल, किती दिवसांनी येतात ते लिहा.
२. नवीन ब्लेड गिऱ्हाइकासमोर उघडा, टॉवेल धुतलेला द्या. याला एसी लागत नाही.
३. एकावेळी एकच नवी सेवा शिका. ती चालली की पुढची.
४. कर्ज छोटं घ्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिक काम आहे. आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. पात्रता मात्र नीट तपासा.

तो मुलगा दोन महिन्यांनी वही घेऊन आला. २१२ नावं होती. "सर, यातल्या कितीतरी जणांना बाबा त्यांच्या लग्नाआधीपासून ओळखतात," म्हणाला. मेन रोडचा विचार त्याने सध्या थांबवलाय. वडिलांच्याच दुकानात तिसरी खुर्ची टाकून तो हेअर कलरचं काम शिकतोय.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात परत परत येणारी माणसं किती, ते मोजा. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा.